दिसायला देखणे, चवीला पाणचट: फळखरेदीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींचे निवारण

तक्रार बहुधा अशी असते. हंगाम ऐन भरात आहे, फळाचा रंग देखणा आहे, साल तुकतुकीत आहे, मोजलेले पैसेही कमी नाहीत. आणि तरीही घरी आणून कापले की गर पाणचट लागतो, किंवा आठवडाभर ठेवूनही फळ टणकच राहते, किंवा बाहेरून निर्दोष दिसणारे फळ आतून तपकिरी आणि पिठूळ निघते. पुढच्या वेळी दुकान बदलावे, अधिक महाग फळ घ्यावे, अधिक लाल फळ निवडावे, तरी तक्रार तीच राहते.

मीही ही तक्रार अनेक वर्षे केली आहे. एका हंगामात मी पीचची एक संपूर्ण पेटी आणली होती. फळे टणक होती, म्हणून ती टिकावीत या हेतूने घरी येताच फ्रीजमध्ये ठेवली आणि दहा-बारा दिवसांनी बाहेर काढली, तेव्हा निम्म्याहून अधिक फळांचा गर भिजलेल्या भुशासारखा झालेला होता. मी विक्रेत्याला दोष दिला. ते फळ माझ्याच फ्रीजमध्ये बिघडले होते, हे मला पुढे वाचनातून कळले, आणि तेव्हापासून मी फळ बिघडले की आधी एकच प्रश्न विचारतो: बिघाड झाडावर झाला, वाटेत झाला, की घरी आल्यावर झाला? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उपाय बहुतेक वेळा सापडतो. पुढील सारे विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

आधी फळाचा गट ओळखावा

फळ ‘तयार होणे’ आणि फळ ‘पिकणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरेदीतील बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्याने होतात. झाडावर फळ वाढते, भरते, जून होते. त्यात साखर किंवा पिष्ट साठते. बी पक्के होते. हे तयार होणे आहे, आणि ते फक्त झाडावरच होऊ शकते, कारण साठवायची साखर पानांकडून देठातून येते. पिकणे ही त्यानंतरची पायरी आहे: गर मऊ होतो, आंबटपणा उतरतो, पिष्टाची साखर होते, वास सुटतो. पाडाला आलेले फळ, असे जे आपण म्हणतो, ते तयार झालेले पण अजून न पिकलेले फळ होय.

काही फळांत पिकण्याची ही पायरी तोडणीनंतरही पार पडते. केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि चार्ल्स वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदांवर काम करताना असे नोंदवले की पिकण्याच्या सुमारास फळाचा श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो आणि मग उतरतो. केळे, आंबा, पपई, सफरचंद, नासपती, पीच, आलुबुखार, किवी, ॲव्होकॅडो आणि खरबूज ही या प्रकारची फळे आहेत. दुसऱ्या गटातील फळांत असा उसळता टप्पा येत नाही: द्राक्षे, संत्री-मोसंबी आणि त्यांच्या कुळातील इतर फळे, स्ट्रॉबेरी, चेरी, अननस, डाळिंब, लिची आणि कलिंगड. ही फळे ज्या गोडीची तोडली जातात त्याच गोडीची राहतात. आंबट द्राक्षे घरात चार दिवस ठेवली तर ती सुरकुततील, गोड होणार नाहीत. फिक्या स्ट्रॉबेरीला तोडणीनंतर लाली चढू शकते, पण त्या लालीबरोबर साखर येत नाही.

पहिल्या गटातही एक पोटभेद आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळे फार निराशा पदरी पडते. केळ्यात पिष्टाचा मोठा साठा असतो: कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० ते २५ टक्के पिष्ट असते, आणि पूर्ण पिकेपर्यंत ते एक-दोन टक्क्यांवर येऊन त्याची साखर झालेली असते. आंबा, किवी, नासपती आणि सफरचंद यांतही कमी-अधिक पिष्ट असते, म्हणून ही फळे तोडल्यानंतरही खरोखर अधिक गोड होतात. पीच, खरबूज आणि पपई यांत मात्र असा साठा जवळजवळ नसतो. ती घरी मऊ होतील, त्यांना वास सुटेल, आंबटपणा कमी झाल्याने ती थोडी गोडसर भासतील, परंतु त्यांतील साखर फारशी वाढणार नाही. खरबूज वासाला उत्तम आणि चवीला फिके निघते, त्याचे कारण बहुधा हेच असते: ते वेलीवरून चार दिवस आधी काढलेले असते.

घरी ठेवूनही फळ पिकत नाही

फळ पहिल्या गटातील असेल, तर पिकण्याची चालना देणारा वायू म्हणजे एथिलीन. दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये असे दाखवले होते की दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडते, त्यामागे त्या गॅसमधील एथिलीन असते. फळ स्वतःच हा वायू तयार करते, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सफरचंदांच्या बाबतीत सिद्ध केले. एका पिकलेल्या फळामुळे शेजारची फळे भराभर पिकतात, या जुन्या अनुभवामागचे कारण हे आहे.

म्हणून टणक फळ लवकर पिकवायचे असेल तर ते कागदी पिशवीत एखादे पिकलेले केळे किंवा सफरचंद घालून ठेवावे, पिशवीचे तोंड सैल दुमडावे आणि ती खोलीच्या साध्या तापमानाला, साधारण १८ ते २४ अंश सेल्सियसला ठेवावी. प्लास्टिकची घट्ट बांधलेली पिशवी वापरू नये. तिच्यात ओल साचून बुरशी धरते, आणि फळाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडला जाऊन तो एथिलीनच्या कामातच अडथळा आणतो. पिशवी रोज उघडून पाहावी, कारण पिकलेल्या आणि उतरलेल्या फळात कधीकधी एकाच दिवसाचे अंतर असते. जागा फार उष्णही नसावी: सुमारे ३० अंशांच्या वर नेहमीची बाजारी केळी आतून मऊ होतात, पण साल हिरवीच राहते, आणि मग ती कच्ची समजून आणखी ठेवली जातात.

नासपतीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण या फळाची तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे. पाश्चात्त्य जातींची नासपती आतून बाहेर पिकत येते. झाडावर पिकू दिली तर गाभा लिबलिबीत झाल्यावर कुठे बाहेरचा भाग मऊ लागतो, म्हणून ती टणक असतानाच काढतात. तोडणीनंतर तिला काही काळ थंडीत ठेवावे लागते, आणि हा काळ जातीनुसार दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकतो. एरवी ती नीट पिकत नाही. विकत घेताना पोटाकडचा फुगीर भाग चेपून काहीही कळत नाही. देठाजवळची मान अंगठ्याने अगदी हलकेच दाबून पाहावी. ती किंचित दबली की फळ त्याच दिवशी खावे. ॲव्होकॅडोची गोष्ट याहून वेगळी आहे: तो झाडावर असेपर्यंत पिकतच नाही, तोडल्यावरच पिकू लागतो, म्हणून टणक ॲव्होकॅडो पाहून ‘फारच लवकर काढला’ असा निष्कर्ष काढू नये.

कागदी पिशवीत आठ दिवस ठेवूनही फळ पिकले नाही, उलट सालीला सुरकुत्या पडल्या आणि गर रबरासारखा झाला, तर ते कोवळेच तोडलेले होते असे मानावे. त्यावर घरात कोणताही इलाज नाही. आंब्याच्या बाबतीत हे आधी ओळखता येते: तयार फळाचे देठाजवळचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ थोड्या खोलगट भागात बसलेला दिसतो, तर कोवळ्या फळाचे खांदे देठाकडे उतरते असतात.

सफरचंदाच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. ते १-मिथिलसायक्लोप्रोपीन या पदार्थाची प्रक्रिया करून, कमी ऑक्सिजनच्या शीतगृहात कित्येक महिने ठेवलेले असू शकते. हा पदार्थ फळातील एथिलीन ओळखणारी जागाच अडवून धरतो, त्यामुळे फळ करकरीत राहते. मात्र त्याच्या वासाची वाढही मंदावते. असे सफरचंद खराब नसते. त्याला ताज्या हंगामाचा सुगंध नसतो इतकेच, आणि तो त्याच्याकडून अपेक्षितही धरू नये.

रंग उत्तम, चव मात्र नाही

रंगावर विसंबून फळ घेणे ही सर्वांत जुनी चूक आहे, आणि ती आपल्याकडून करून घेतलीही जाते. पीच किंवा सफरचंदावरील लाली ही जात आणि त्या फळावर पडलेले ऊन यांवर ठरते. पिकण्याशी तिचा संबंध थोडाच असतो. पाहायचा असतो तो लालीच्या मागचा मूळ रंग, म्हणजे देठाच्या खळग्याजवळचा, जिथे लाली पोचलेली नसते. तो हिरवट असेल तर फळ लवकर काढलेले आहे. तो पिवळसर किंवा मलईसारखा झाला असेल तर फळाला झाडावर पुरेसा वेळ मिळालेला आहे.

संत्र्याबाबत तर रंग बरेचदा उलट दिशेने फसवतो. त्याच्या सालीतील हरितद्रव्य ओसरण्यासाठी गार रात्री लागतात, त्यामुळे उष्ण प्रदेशात संत्रे पूर्ण गोड झाले तरी हिरवे राहू शकते, आणि एकदा केशरी झालेले फळ झाडावरच राहिले तर पुन्हा हिरवट होऊ शकते. ग्राहक हिरवे संत्रे उचलत नाहीत म्हणून तोडणीनंतर एथिलीन देऊन सालीचा हिरवेपणा घालवला जातो. आतील रसाची गोडी त्यामुळे बदलत नाही. केशरी जाळीच्या पिशवीत भरलेली संत्री जाळीच्या रंगामुळे अधिक केशरी भासतात, म्हणून शक्य असेल तर फळ जाळीबाहेर काढून पाहावे. संत्रे निवडताना मी वजनावर भर देतो: एकाच आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावीत आणि जे जड लागेल ते ठेवावे, कारण जड फळात रस असतो आणि हलक्या फळात बरेचदा जाड साल व कोरड्या फोडी असतात.

देखणेपणाचा सोस चवीच्या मुळावर कसा येतो, याचे एक उदाहरण टोमॅटोचे आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने टोमॅटोही फळच आहे. देठाजवळ गडद हिरवा पट्टा नसणारा, सर्वत्र एकसारखा रंगणारा टोमॅटो उत्पादकांनी अनेक दशके निवडून वाढवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की या एकसारख्या रंगाच्या बदल्यात एक जनुक निकामी झाले होते, जे कच्च्या फळातील हरितकणांची वाढ घडवते आणि त्यातून फळाच्या साखरेत भर पडते. आपण ग्राहक म्हणून वर्षानुवर्षे काय उचलले, याचा वाटा त्या निवडीत आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग पाहायचे काय? जिथे वास येऊ शकतो तिथे वास घ्यावा: खरबूज देठाच्या विरुद्ध टोकाशी, आंबा देठाजवळ, स्ट्रॉबेरीची परडी उघडून. थंड फळाला वास कमी येतो, म्हणून शीतकपाटातील फळाची ही परीक्षा पुरती विश्वासार्ह नसते. स्ट्रॉबेरीचे खांदे पांढरे असतील तर ती घेऊ नये. कलिंगडाचा जो भाग जमिनीला टेकलेला होता तिथला डाग पिवळसर हवा. पांढरा किंवा फिकट हिरवा डाग म्हणजे फळ वेलीवर पुरेसे राहिलेले नाही. थापटून येणारा आवाज ओळखणारे अनुभवी लोक असतात, पण मला स्वतःला त्या आवाजापेक्षा तो डाग अधिक विश्वासाचा वाटतो. अननसाच्या तळाशी वास यायला हवा, आणि तो आंबूस नको. हे फळ तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून ‘दोन दिवस ठेवा, गोड होईल’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. द्राक्षे आणि चेरी यांचा ताजेपणा देठ सांगतो: हिरवा, लवचिक देठ म्हणजे तोडणी अलीकडची. द्राक्षांवरील पांढुरकी झाक हे सालीचे नैसर्गिक मेण असते. ती पुसली न गेलेला घड कमी हाताळलेला असतो. फळावरील स्टिकरवर चार अंकी क्रमांक असतो, तो फळाचा प्रकार किंवा आकार सांगतो, आणि ९ ने सुरू होणारा पाच अंकी क्रमांक सेंद्रिय उत्पादन दर्शवतो. तोडणीची तारीख किंवा गोडी त्यातून कळत नाही.

एवढी काळजी घेऊनही फळ पाणचट निघू शकते, आणि तेव्हा दोष निवडणाऱ्याचा नसतो. तोडणीच्या आधी जोरदार पाऊस झाला तर फळात पाणी भरते आणि साखर विरळ होते. झाडावर फार फळे धरली असतील तर तीच साखर अनेकांत वाटली जाते. हंगामाच्या अगदी सुरुवातीला भाव चढा असतो, त्यामुळे तयार होण्याआधीच तोडणी करण्याचा मोह बागायतदाराला होतो. यामुळे पहिल्या आवकेचे फळ मी शक्यतो घेत नाही. दोन-तीन आठवडे थांबतो. ही वाट पाहणे मला जड जाते, कारण पहिल्या फळाची ओढ मलाही असते, परंतु या एका सवयीने माझी जितकी निराशा टळली तितकी दुसऱ्या कोणत्याही परीक्षेने टळली नाही.

विक्रेत्याला ‘गोड आहे का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेले असते. ‘हे आज खायचे की तीन दिवसांनी?’, ‘माल कधी उतरला?’, ‘शीतगृहातला आहे का?’ असे प्रश्न विचारावेत. ज्याला आपला माल माहीत आहे तो यांची नेमकी उत्तरे देतो, आणि ज्याला माहीत नाही तोही आपल्याला कळतो. शक्य असेल तिथे एक फळ आधी विकत घेऊन तिथेच चाखावे आणि मग उरलेले घ्यावे. फळे बोटाने चेपत फिरू नये. त्या चेपण्याचे डाग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या घरी उमटतात.

फ्रीजमध्ये ठेवल्यावर बिघडले

आता माझ्या त्या पीचच्या पेटीकडे परत येतो. पीच २.२ ते ७.६ अंश सेल्सियस या पट्ट्यात दीर्घकाळ राहिले तर त्याचा गर पिठूळ आणि तपकिरी होण्याचा धोका सर्वाधिक असतो. शून्य अंशाजवळ ते याहून चांगले टिकते. घरातील फ्रीज साधारण ३ ते ५ अंशांवर चालतो, म्हणजे नेमका त्या घातक पट्ट्यात. टणक पीच बाहेर पिकू द्यावे आणि पिकल्यावर, गरज असेल तरच, एक-दोन दिवस थंडीत ठेवावे. पेटी आतून पिठूळच हाती आली तर ही चूक वाहतुकीत किंवा साठवणीत झालेली असते; तेव्हा एक फळ कापून पाहिल्याखेरीज पेटी घेऊ नये.

उष्ण प्रदेशातील फळांना थंडी आणखी लवकर बाधते. केळे सुमारे १३ अंशांच्या खाली गेले की साल करडी पडते आणि कच्चे असेल तर ते नीट पिकत नाही. कच्च्या आंब्याचेही साधारण तसेच होते. सफरचंद, द्राक्षे, चेरी आणि स्ट्रॉबेरी मात्र घरी आल्याबरोबर थंडीतच जावीत. सफरचंदे वेगळ्या कप्प्यात ठेवावीत, कारण ती एथिलीन सोडत राहतात आणि शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पाडतात. खाण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फळ बाहेर काढून ठेवले तर वास मोकळा होतो. फिके वाटलेले फळ केवळ फार थंड होते, असेही कधीकधी निघते.

वरचे चांगले, खालचे बुरशी धरलेले

परडी उलटी करून तळ पाहावा. तळाला ओल किंवा रसाचा डाग असेल तर ती घेऊ नये. घरी येताच बुरशी लागलेले फळ काढून टाकावे, कारण ती शेजारी पसरते. बेरीवर्गीय फळे खाण्याच्या वेळीच धुवावीत, आधी धुऊन ठेवू नयेत. धुण्यासाठी वाहते पाणी पुरते, साबण वापरू नये. खरबूज आणि कलिंगड कापण्यापूर्वीही धुवावे, कारण सालीवरील जंतू सुरीबरोबर गरात उतरतात, आणि कापलेल्या फोडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

कृत्रिमरीत्या पिकवलेले असेल का, ही शंका

या शंकेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. बंद खोलीत, दहा लाख भागांत साधारण १०० भाग इतके एथिलीन देऊन केळी किंवा आंबे पिकवणे म्हणजे फळाच्या स्वतःच्याच संप्रेरकाने त्याला चालना देणे होय, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी आहे: त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू एथिलीनची नक्कल करतो, परंतु औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे असू शकतात, म्हणून अनेक देशांत फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर बंदी आहे. फळावर करडी-पांढरी भुकटी दिसली, लसणासारखा वास आला, तर ते घेऊ नये. कोवळे तोडलेले फळ या दोन्हींपैकी कशानेही गोड होत नाही, केवळ रंगते. हंगामाआधी आलेल्या पिवळ्याधमक फळाची चव फसवी निघते ती त्यामुळे.

फळ कापून झाले आहे आणि ते फिकेच आहे

असे फळ टाकून देण्याची गरज नाही. पहिल्या गटातील असेल आणि न कापलेली फळे उरली असतील तर ती कागदी पिशवीत ठेवावीत. कापलेल्या फोडींवर थोडी साखर आणि लिंबाचा रस घालून अर्धा तास झाकून ठेवले तर रस सुटतो आणि जी थोडी चव आहे ती वर येते. पाणचट फळात बहुतेकदा साखरेइतकाच आंबटपणाही कमी असतो, त्यामुळे नुसत्या साखरेपेक्षा लिंबू अधिक उपयोगी पडते. पिठूळ झालेले पीच, नासपती किंवा सफरचंद कच्चे खाण्यात अर्थ नाही; ते मंद आचेवर उघड्या भांड्यात शिजवावे, म्हणजे पाणी उडून जाते आणि उरलेली साखर दाट होते. माझ्या त्या पेटीतील जी फळे वाचली, ती मी अशीच संपवली.